एक दाता मागे

टापिओला, मिशिगन
२२ सप्टेंबर १९९१

प्रिय पापा,

फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलायला लागले की शेजारच्या केटोलाबाईंना वाटतं आपलं भांडण चाललंय. सून सासऱ्याशी भांडते ही बातमी टापिओलात पसरायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून पत्र.

तब्येत कशी आहे, फ्लोरिडात गरम होतंय का, हे सगळं विचारलं असं समजा. मी आधी अडचण सांगते.

निळ्या गाडीचा टायमिंग बेल्ट तुटला. दुकानाच्या अलीकडच्या चढावर गाडी एकदम गप्प झाली, ना धूर ना खडखडाट. केटोलाबाईंच्या पिकअपने ओढून घरी आणली. नवा बेल्ट मी बसवला. म्हणजे आम्ही बसवला, आर्नी आणि मी. शेडमध्ये तुमच्या शेजारी दिवा धरून मी इतक्या वेळा उभी राहिले आहे की खाली क्रँक, वर कॅम, आणि दोघांनी एका तालात फिरावं म्हणून त्यांच्यामध्ये बेल्ट, एवढं मला पाठ आहे. खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला, झाकण लावलं, हात धुतले आणि किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली, पण अंथरुणातून ओढून काढलेल्या शाळकरी पोरासारखी. उभी असली की थरथरते. सपाट रस्त्यावर कशीबशी चालते आणि चढ आला की तिचा दम जातो. ठिणगीची वेळ बदलावी म्हणून डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून पाहिला तेव्हा जरा सुधारली, पण चढावर तेच रडगाणं, आणि इंजिनही तापायला लागलं.

आता एवढी घाई का, ते. मी हॅन्कॉकच्या हॉस्पिटलात स्वयंपाकघरात नोकरी धरली आहे. सकाळी सहाला हजर. केटोलाबाईंची बहीण हॅन्कॉकलाच पुलाजवळ राहते, तिचं सकाळचं सगळं बाई बघतात, म्हणून जाताना मला सोडतात. पण ऑक्टोबर संपला की दोघी बहिणी तुमच्याकडे, फ्लोरिडाला. त्यानंतर गाडी नाही तर नोकरी नाही. आणि ही नोकरी मला हवी आहे, पापा. का, ते विचारू नका.

आर्नी मजेत आहे. तुमची आठवण काढतो.

तुमची कॉरिन

ता. क. सतरा नंबरचा पाना कुठे असतो? सापडत नाही.


लेक वर्थ, फ्लोरिडा
२८ सप्टेंबर

कॉरिन,

पत्र मिळालं. तब्येत ठीक. गरम होतंय. इथे घाम काढायला सौना पेटवावा लागत नाही, दार उघडून बाहेर गेलं की झालं. आपल्याकडचे निम्मे फिनिश म्हातारे इथे आखूड चड्ड्या घालून फिरतात आणि एकमेकांचे पाय बघून गप्प बसतात. मी अजून फुलपँट सोडलेली नाही.

आता गाडी. आधी देवाचे आभार मान. काही इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हना आपटतात आणि सगळं भंगारात जातं. तुझ्या इंजिनात तशी भानगड नाही. नुकसान काही झालेलं नाही, नुसता ताल चुकलाय.

पण डिस्ट्रिब्युटर कशाला फिरवलास? ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून ठेवला तर माणूस बरा होतो का? होता तिथे परत लाव आणि मी सांगतो तेवढंच कर.

क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरव, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, उलटं अजिबात नाही. खालच्या पुलीची खूण शून्यावर आण. मग वर बघ, कॅमची खूण तिच्या रेघेसमोर आहे का. नसेल तर पुलीचे किती दाते आणि कुठल्या बाजूला, ते मला कळव. "थोडीशी पुढेमागे" असं लिहू नकोस. दाते मोज.

आणि खालच्या पुलीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. तिच्या आत रबर असतं, जुनं झालं की बाहेरचं कडं सरकतं आणि खूण बेधडक खोटं बोलते. तिची परीक्षा घ्यायची. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढ आणि भोकात माझ्या एल्माची विणकामाची लाकडी सुई सोड. लोखंडी नको. पिस्टन वर येईल तशी सुई वर येईल. सुई सर्वांत वर असताना पुलीची खूण शून्यावर असेल तर पुली प्रामाणिक.

सतराचा पाना लाल पेटीच्या तिसऱ्या खणात असतो. गेली तीस वर्षं तिथेच आहे. आर्नीला विचारायचं ना.

हॉस्पिटलचं स्वयंपाकघर! आजाऱ्यांना तुम्हा फ्रेंचांचं वाटाण्याचं सूप घालू नकोस म्हणजे झालं. लोक बरे व्हायला येतात तिथे.

नीलो


टापिओला
४ ऑक्टोबर

प्रिय पापा,

वाटाण्याच्या सुपाबद्दल नंतर बोलू. लेक लिंडनला माझ्या माहेरी तुम्ही दोन वाट्या मागून घेतल्या होत्या, माझ्या आईने अजून लक्षात ठेवलंय.

पुली प्रामाणिक आहे. एल्माआईंची सुई (त्यांच्या अर्धवट निळ्या टोपीच्या लोकरीत अजून खोचलेलीच होती) अगदी वर आली तेव्हा खूण बरोब्बर शून्यावर. मग वर पाहिलं. कॅम एक दाता मागे. एकच, आणि मागे. डोळे बारीक करून तीनदा मोजलं.

मला हायसं वाटलं. म्हटलं, रोग सापडला. पुन्हा सगळं सोडलं, खुणा समोरासमोर आणल्या, बेल्ट चढवला, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर सोडला. तुम्ही शिकवल्याप्रमाणे झाकण लावायच्या आधी हाताने दोन पूर्ण फेऱ्या दिल्या आणि परत पाहिलं.

एक दाता मागे.

पापा, मी बेल्ट चढवला तेव्हा खुणा समोरासमोर होत्या. शपथेवर सांगते. चढवताना बरोबर आणि फिरवल्यावर चूक, हे कसं? आर्नीही चक्रावलाय. तो म्हणतो, "पापा सांगतील तेच बरोबर, त्यांनाच विचार."

इथे मेपलची पानं लाल होऊन निम्मी गळालीसुद्धा. केटोलाबाईंनी बॅगा काढून व्हरांड्यात वाऱ्याला ठेवल्या आहेत. त्या बॅगा बघितल्या की मी कॅलेंडरवरचे दिवस मोजते.

तुमची कॉरिन


लेक वर्थ
९ ऑक्टोबर

कॉरिन,

आता कसं शहाण्या माणसाचं पत्र आलं. "एक दाता मागे." एवढ्या तीन शब्दांत डॉक्टरांचा पानभर रिपोर्ट येतो.

हे का होतं ते सांगतो. खुणा जुळल्या असतात तेव्हा कॅम काही निवांत बसलेला नसतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला सारख्या ढकलत असतात. तू बेल्ट चढवलास, सगळं जागेवर. मग तू खाली वाकून टेन्शनरला हात घातलास, आणि तेवढ्यात वर कॅमने अंग टाकलं. बेल्ट ताणलेल्या बाजूला सैल पडला, एक दाता सरकला. तुला दिसलाही नाही, कारण तुझे डोळे खाली होते.

म्हणून आमच्या घरात हे काम कायम दोघांचं. एकाने वरची पुली दोन्ही हातांनी धरायची आणि दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही. माशी नाकावर बसली तरी नाही. दुसऱ्याने बेल्ट ओढायचा आणि टेन्शनर बघायचा. मी ओढायचो, एल्मा धरायची. तिचे हात लहान, पण पुलीवर बसले की लोखंडी वाइसची पकड. पुली नीट हातात आली की ती फिनिशमध्ये "नो नि" म्हणायची. मी तेवढंच ऐकायला थांबलेलो असायचो. ते दोन शब्द म्हणजे आता ओढ. नुसत्या तिच्या आवाजावर मी आयुष्यभर बेल्ट चढवले, एकदाही दाता चुकला नाही.

तेव्हा आर्नीला म्हण, पुली धर. त्याच्या हातात जोर आहे, दुसरीकडे कुठे नसला तरी.

सतराचा पाना मिळाला का? त्याबद्दल काही लिहिलं नाहीस.

इथल्या फिनिश लोकांच्या हॉलमध्ये शनिवारी नाच असतो. बायका जास्त, पुरुष कमी, म्हणून मला ओढायला येतात. मला ऐकू येत नाही ही पहिल्यांदाच उपयोगाची गोष्ट झाली.

नीलो


टापिओला
१५ ऑक्टोबर

प्रिय पापा,

तुम्ही सांगितलं तसंच केलं. आर्नीने पुली धरली. घट्ट धरली, दोन्ही हातांनी. मी बेल्ट ओढला, टेन्शनर सोडला, दोन फेऱ्या दिल्या.

एक दाता मागे.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. बोटांची सालं निघाली आहेत, हॉस्पिटलात हातमोज्यांच्या आत झोंबतं. तिथली मुख्य बाई म्हणाली, "अगं, तू घरी काय अस्वलाशी कुस्ती खेळतेस का?" मी हसले, आणि मग शीतगृहात जाऊन थोडी रडले. लिहिणार नव्हते, पण लिहून टाकलं.

बेल्टच सदोष असेल का? मापात कमी? का एखादी पुली झिजलीय? मला आता काही सुचत नाही. काल पहिलं भुरभुर बर्फ पडलं, टिकलं नाही, पण पडलं. केटोलाबाई तीस तारखेला निघणार. मी गाडी मिळेल त्या भावात विकून टाकावी आणि नोकरीवर पाणी सोडावं, इथपर्यंत विचार करून झाला. नोकरी सुटली तर पुढचं सगळंच अवघड आहे.

पाना मिळाला. तिसऱ्या खणातच होता.

आर्नी ठीक. कामात असतो.

कॉरिन


लेक वर्थ
२० ऑक्टोबर

कॉरिन, पोरी,

बेल्टमध्ये दोष नाही. पुल्याही चांगल्या आहेत, झिजल्या असत्या तर दर खेपेला नवं काहीतरी झालं असतं. तुझं दर खेपेला एकच होतंय, तेवढंच आणि त्याच बाजूला. पुली धरणारा माणूस चुकला तर कधी पुढे चुकेल, कधी मागे, एखाद्या वेळी नशिबाने बरोबरसुद्धा येईल. चार वेळा एकच दाता मागे जातो तो एकाच कारणाने.

पुली कोणी धरलेली नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एल्मा गेली त्या वसंतात केटोलाबाई त्यांची गाडी घेऊन आल्या. बेल्टचं काम. मला वाटलं बरं झालं, हाताला काम. शेडमध्ये शिरलो, खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला, फिरवलं. एक दाता मागे. परत केलं, परत तेच. तिसऱ्या वेळी मी बेल्ट हातात धरून उभाच राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की मी "नो नि" ऐकायची वाट बघतोय. उलट्या बादलीवर बसलो आणि रडलो. केटोलाबाई दारात येऊन परत गेल्या. भली बाई आहे, कोणाला बोलली नाही.

मला वाटतं तू पण थोडा वेळ तशीच उभी राहिली असशील.

आर्नी कुठे आहे हे मी विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको. पण दुसऱ्या पत्रात तू लिहिलंस की तो म्हणतो, "पापा सांगतील तेच बरोबर." कॉरिन, तो मुलगा बोलायला लागल्यापासून हे वाक्य त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही, आणि तेव्हा माझे कान शाबूत होते. खोटं बोलायचं तर जरा अंदाजाने तरी बोल.

आता काम ऐक. एकट्या माणसाने बेल्ट कसा बसवायचा ते मी त्या वर्षी शोधून काढलं, ते तुला सांगतो. तळघराच्या जिन्याखाली खिळ्याला एल्माची कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची पिशवी लटकते आहे. लाकडी, जाड स्प्रिंगचे, तिच्या आईच्या वेळचे. हल्लीचे प्लॅस्टिकचे चालणार नाहीत.

आधी खुणा जुळव, मग गाडी चौथ्या गियरमध्ये टाक आणि हँडब्रेक ओढ, म्हणजे खाली क्रँक हलणार नाही. बेल्ट आधी खालच्या पुलीवर बसव, मग टेन्शनर नसलेल्या बाजूने वर ओढत ने. ती बाजू बोटाने वाजवून बघ, तारेसारखी ताठ पाहिजे. बेल्ट कॅमच्या पुलीवर चढला रे चढला की तिथल्या तिथे दोन चिमटे लाव, बेल्ट आणि पुलीची कड एकत्र पकडून. एक डावीकडे, एक उजवीकडे. आता कॅमने कितीही अंग टाकलं तरी बेल्टला सोडून जाता येणार नाही. मग सावकाश टेन्शनर सोड, घट्ट कर. गाडी न्यूट्रलमध्ये आण. चिमटे काढ. काढायला विसरलीस तर चिमट्यांचा भुगा होईल आणि एल्मा मला वर गेल्यावर जाब विचारेल.

दोन फेऱ्या दे आणि बघ.

पाना मिळाला नाही तरी चालेल. टेन्शनरच्या नटाला केटोलाबाईंच्या शेडमधला चालतो. त्यांच्याकडून मागून आण.

पापा


टापिओला
२९ ऑक्टोबर

प्रिय पापा,

हे पत्र केटोलाबाईंच्या हाती देते आहे. त्या वाटेत उघडणार नाहीत अशी आशा आहे. उघडलं तर बाई, पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे, आणि तुम्ही कोणाला बोलला नाहीत म्हणून आभार.

पापा, तुमचं पत्र वाचून आधी मला राग आला. दोन महिने मी टापिओलाभर हसत हिंडले, चर्चच्या कॉफीला गेले, कोणाला सुगावा लागू दिला नाही. आणि तुम्ही दोन हजार मैलांवर बसून एका दात्यावरून माझं सगळं घर वाचलंत. पत्र गाडीच्या टपावर आपटलं आणि आत निघून आले. मग परत गेले आणि तुम्ही बादलीवर बसलात तिथपर्यंत पुन्हा वाचलं.

आर्नी ऑगस्टमध्ये गेला. रस्त्याच्या कामावर ग्रीन बेला गेला होता, तिथे त्याला कोणीतरी भेटली. एका शनिवारी आला, कपडे घेतले आणि तुमची लाल पेटी उचलून ट्रकमध्ये ठेवली. मी म्हटलं, "ती पापांची आहे." तो म्हणाला, "मग माझीच झाली की." तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की घरसुद्धा तुमचंच आहे.

म्हणून मी सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून नाही, तीही वाटली, पण खरं कारण हे. तुम्ही आर्नीचे वडील. मी त्याचा हात धरून या घरात आले. त्याने हात सोडल्यावर मी या घरात कोण? सकाळी पडदे सारले की ते आईंनी शिवलेले, सौनाच्या भिंती तुम्ही रचलेल्या. मला रोज वाटायचं, मी दुसऱ्याच्या घरात चोरून राहतेय. पण सोडून जावंसं एक दिवसही वाटलं नाही. मला हे घर आवडतं, पापा. मी ठरवलं होतं, आधी नोकरी पक्की करायची, मग ताठ मानेने तुम्हाला लिहायचं की मी भाडं देऊन राहू का. त्यासाठी गाडी हवी होती. एवढंच सगळं होतं.

पाना अर्थातच मिळाला नव्हता. इतके दिवस मी पक्कडीने झटत होते. केटोलाबाईंकडे मागायला गेले तेव्हा त्यांनी पाना दिला आणि बरोबर एक थाळी मासेही दिले.

आता रविवारचं सांगते. चिमट्यांची पिशवी जिथे म्हणालात तिथेच होती. तुम्ही सांगितलं त्या क्रमाने केलं. बेल्ट वाजवला, ताठ. वर चढवला. पहिला चिमटा लावला, दुसरा लावला. मग टेन्शनरकडे वाकायचं होतं, आणि वाकवेना. इतक्या वेळा फसले होते की पुलीवरून हात काढायचा धीर होईना. चिमट्यांकडे बघत उभी राहिले. शेवटी मीच मोठ्याने म्हटलं, "नो नि." शेडमध्ये कोणी नव्हतं, तरी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईंसारखं जमलंही नाही, फ्रेंच जिभेवर ते वेगळंच वाजतं. पण म्हटलं, आणि वाकले.

टेन्शनर घट्ट केला. चिमटे काढले (दोन्ही, मोजून). दोन फेऱ्या दिल्या. वर बघायच्या आधी डोळे मिटून घेतले.

खूण रेघेसमोर. पापा, रेघ आणि खूण एकच दिसत होती.

दुकानाच्या चढावर तिसऱ्या गियरमध्ये नेली. नुसती गेली नाही, बोटीचा ट्रेलर लावून चाललेल्या एका माणसाला मागे टाकून गेली. मी काच खाली करून एकटीच ओरडत होते. काल सकाळी स्वतःच्या गाडीने कामावर गेले.

केटोलाबाईंबरोबर वेलचीचा पाव पाठवते आहे. आईंच्या पद्धतीने केला आहे, हात मात्र लेक लिंडनचे. चिमटे परत पिशवीत घालून त्याच खिळ्याला लावले आहेत.

घराचं तुम्ही म्हणाल तसं. वसंतापर्यंत राहू दिलंत तर बर्फात सामान हलवावं लागणार नाही. तुम्हाला किंवा आर्नीला घर हवं असेल तर निःसंकोच सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. हे शेवटचं वाक्य खोटं आहे, पण सभ्य माणसं असंच लिहितात.

तुमची
(अजून असेन तर)
कॉरिन


लेक वर्थ
४ नोव्हेंबर

कॉरिन,

केटोलाबाई पोचल्या. पाव पोचला. पत्र न उघडता पोचलं, पण बाई मी वाचेपर्यंत समोर खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि माझा चेहरा वाचत होत्या, त्यामुळे हिशेब एकच. मग आम्ही दोघांनी मिळून पाव संपवला. वेलची थोडी जास्त झालीय. एल्माचीही व्हायची. मी तिला कधी बोललो नाही, तुलाही बोलणार नव्हतो.

आर्नी माझा मुलगा आहे. त्याने केलं ते मला आवडलेलं नाही आणि ते मी त्याला कळवलं आहे. मुलगा म्हणून त्याला टाकता येत नाही, ते माझं मी निस्तरेन. पेटी परत आणून दे म्हणूनही लिहिलं आहे. ती त्याची नाही. माझीही राहिली नाही. ज्याला दाता मोजता येतो त्याची ती पेटी. तुझ्या दारात आणून ठेवेल तेव्हा तिसरा खण आधी उघडून बघ.

आता तू. तू आर्नीबरोबर आलेलं सामान नाहीस की तो गेला म्हणून तुलाही उचलून न्यावं. एल्मा आजारी होती तेव्हा तिला सौनात कोण घेऊन जायचं, पाठ कोण चोळायचं? तिचा मुलगा नाही. मी इकडे आलो ते घर रिकामं पडेल ही भीती न बाळगता आलो, कारण तू तिथे होतीस. हे तेव्हा बोलायला हवं होतं. आमच्यात बोलत नाहीत, तुला माहीत आहे. आता बोलतो. मी आर्नीचा बाप आहे, आणि तुझा पापा आहे, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. भाड्याची भाषा परत काढलीस तर वाटाण्याच्या सुपाबद्दल जे बोललो ते चर्चमध्ये उभा राहून बोलेन.

छपराच्या उत्तरेकडचं बर्फ वेळच्या वेळी ओढून काढ. आणि सौना पेटव. एकटीसाठी लाकूड कशाला जाळायचं असं तुझ्या मनात येईल, माझ्याही यायचं. तरी पेटव.

एक गोष्ट मात्र सोडणार नाही. बेल्ट एवढ्या वेळा काढलास, मग त्याच्यामागचा पाण्याचा पंप का नाही बदललास? शहाणी माणसं बेल्टबरोबर पंप बदलतात. तो जुना आहे, हिवाळाभर टिकेल, पुढे नाही. म्हणजे बेल्ट परत काढावा लागणार.

तो मी येईपर्यंत काढू नकोस. एप्रिलमध्ये बर्फ उतरलं की केटोलाबाई परत निघतील, मी त्यांच्याबरोबर येतो आहे. चिमटे खिळ्यालाच राहू देत, त्यांचं काम नाही.

माझे हात आता बेल्ट ओढण्याजोगे राहिले नाहीत, पण धरायला चांगले आहेत. तू ओढ. मी पुली धरतो, आणि तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "नो नि" म्हणतो.

पापा